खान्देशचा आणा आणि सरकारचा जमाखर्च

1852 च्या अखेरीस सावदा, फैजपूर, एरंडोल भागात सरकारी जमीनमोजणीची माणसे उतरली आणि हजारो शेतकऱ्यांनी मोजणी अडवली. सरकारने फौज आणली, पुढारी पकडले, मोजणी पुरी केली. सरकारी आकड्यांवर खान्देशाने घेतलेली ही ठळक हरकत. कलकत्त्यात अर्थसदस्य जेम्स विल्सनने हिंदुस्थान सरकारचे पहिले अंदाजपत्रक मांडले ते त्यानंतर, 1860 मध्ये.

त्याच दशकात जळगाव-भुसावळला रेल्वे आली. कंपनीच्या भांडवलावर पाच टक्के व्याजाची हमी सरकारची. तोटा आला तर भरपाई तिजोरीतून, म्हणजे रयतेच्या साऱ्यातून. कापसाच्या गाठी मुंबईला धावू लागल्या. जिल्ह्याचे ठाणे असलेल्या धुळ्याला मात्र चाळीसगावचा फाटा मिळायला 1900 साल उजाडले.

1869 च्या कायद्याने साऱ्याच्या रुपयामागे एक आणा लोकल फंड बसला. त्यातले दोन हिस्से रस्ते, विहिरी, धर्मशाळांना, एक शाळांना. आणा गावाचा, पण तो कुठे खर्चायचा हे बहुतेक साहेबाच्या टेबलावर ठरे.

पाण्याचे गणित वेगळेच. पांझरा नदीवर फड पद्धत जुनी: बंधारा, पाट, पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या, आणि दुरुस्तीचा भार लाभधारकांवर. सरकारी कालव्याला मात्र कर्जाचे व्याज फेडील की नाही, ही कसोटी. रेल्वेचा तोटा हमीखाली खपे. दख्खनच्या कालव्याचा तोटा डोळ्यांत खुपे. हा दुजाभाव कुठल्याच तक्त्यात लिहिलेला नव्हता, दोन खाती शेजारी ठेवली तरच दिसे.

तशी खाती मांडून बसणारा माणूस म्हणजे गणेश व्यंकटेश जोशी. पेशाने शिक्षक. पुणे सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकातून ते सरकारी आकडे सोलत. 26 मार्च 1902 रोजी गोपाळ कृष्ण गोखल्यांनी वरिष्ठ कायदेमंडळात केलेल्या पहिल्या अंदाजपत्रकीय भाषणामागे जोशींची आकडेमोड होती. सुधारित अंदाजात सात कोटींची शिल्लक होती आणि अर्थसदस्यांचे अभिनंदन चालले होते. गोखले त्यात सामील झाले नाहीत. शिल्लक सुबत्तेची नाही, हुंडणावळीची, असे त्यांचे म्हणणे. 1894-95 मध्ये विलायतेचा एक पौंड चुकवायला अठरा रुपयांवर लागत. टांकसाळी लोकांच्या चांदीसाठी बंद ठेवून भाव चढवल्यावर पंधरा पुरू लागले. कर मात्र जुन्या, महाग पौंडाच्या हिशेबाने चालूच होते. भाषणाच्या दोनच वर्षांपूर्वी खान्देश छपन्नच्या (संवत 1956) दुष्काळात होरपळला होता.

1892 च्या कौन्सिल कायद्याने अंदाजपत्रकावर चर्चेची मुभा दिली होती, मताची नाही. तरी मिठावरचा मणी अडीच रुपयांचा कर 1903 मध्ये दोनवर आला, 1907 पर्यंत एकवर. भाषणांचाच तो परिणाम म्हणणे धाडसाचे. पण आकडे खोडता आले नाहीत, हे खरे.

सरकारी कालव्यांचे म्हणाल, तर गिरणा नदीवरचे मोठे धरण 1969 चे, स्वराज्यातले. त्याचे पाणी जामदा बंधाऱ्यावरून ज्या डाव्या-उजव्या कालव्यांत वळते, ते इंग्रजी अमदानीतले.