अद्भुतरम्य भूमिका-खेळांतील नगररक्षक व न्यायव्यवस्था : रचनेचा विचार

प्रस्तावना

गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनी रचलेला ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला आणि त्याबरोबर रोल-प्लेइंग गेम, म्हणजेच भूमिका-खेळ, हा नवा प्रकार रूढ झाला. टेबलाभोवती बसलेल्या चार-पाच खेळाडूंपैकी प्रत्येक जण एका काल्पनिक पात्राच्या वतीने बोलतो व निर्णय घेतो. एक जण सूत्रधार असतो. तो त्या जगाचे वर्णन करतो व उरलेली सर्व माणसे स्वतः वठवतो. कृतीचे फळ अनिश्चित असेल तेथे फासे टाकले जातात. भूमिका-अभिनय ही अध्यापनपद्धती प्राध्यापकवर्गाला परिचित आहेच. तिच्यात व या खेळात फरक एवढाच की येथे प्रसंगाचा शेवट कोणीही आधी ठरवलेला नसतो.

पात्रे भुयारात किंवा अरण्यात असेपर्यंत कायद्याचा प्रश्न फारसा उद्भवत नाही. ती नगराच्या वेशीवर आली की मात्र शस्त्रधारी पहारेकरी समोर उभा राहतो. त्या जगातील राजा खेळाडूंना क्वचितच भेटतो, पहारेकरी रोज भेटतो. राज्यसंस्थेचा त्यांना दिसणारा चेहरा बहुधा तेवढाच असतो. तरीही बहुतेक सूत्रधार या पात्राकडे दुर्लक्ष करतात. प्रस्तुत लेखात नगररक्षकांची रचना कोणत्या प्रश्नांपासून सुरू करावी, याचा विचार केला आहे.

बळाचा प्रश्न

या रचनेत दोन दोष वारंवार आढळतात. काही सूत्रधारांचे रक्षक प्रत्येक गुन्ह्याच्या जागी तत्क्षणी प्रकटतात व नायकांहून बलवान असतात. असा रक्षक म्हणजे सूत्रधाराच्या हातातील छडीच होय. काहींचे रक्षक केवळ मारले जाण्यासाठी असतात. दोन्ही प्रकारांत खेळाडूच्या निर्णयाला किंमत उरत नाही. पहिल्या प्रकारात त्याला निवड नसते, दुसऱ्यात निवडीचा परिणाम नसतो.

या खेळाच्या २०१४ मधील पाचव्या आवृत्तीतील आकडे पाहिले असता अडचण स्पष्ट होते. त्यात सामान्य रक्षकाची प्राणशक्ती, म्हणजे हिट पॉइंट, सरासरी ११ आहेत. पाचव्या पातळीवरील जादूगाराला ‘फायरबॉल’ हा मंत्र वापरता येतो. त्याची हानी सहा बाजूंच्या आठ फाशांची, म्हणजे सरासरी २८ असते. चपळाईने अंग चोरणाऱ्यालाही तिच्या निम्मी, म्हणजे १४ इतकी हानी पोहोचते. म्हणजे सावध रक्षकही बहुधा मरतो आणि बेसावधही. वीस फुटांच्या त्रिज्येत उभी असलेली अख्खी गस्त एका क्षणात संपते.

यावर रक्षकांची प्राणशक्ती वाढवणे हा सूत्रधारांचा नेहमीचा उपाय आहे, पण तो चुकीचा आहे. वेशीवर वीस महायोद्धे उभे असतील तर डोंगरातील ड्रॅगनला मारण्यासाठी त्या नगराने परक्या साहसवीरांना पाचारण का करावे? रक्षकाचे बळ त्याच्या दंडात शोधू नये. त्याच्या मागे वाजणारी घंटा, बंद होणारे दरवाजे, शेजारच्या नगरात पोहोचणारे वर्णन व सौदा नाकारणारा व्यापारी यांत ते असते. गस्त जाळणाऱ्या जादूगाराला उद्या धान्य कोण विकणार, हा प्रश्न अकरा हिट पॉइंटपेक्षा भारी आहे.

पहाऱ्याचा इतिहास आणि खेळ

खेळातील नगरे वेशाने मध्ययुगीन असली तरी त्यांचे रक्षक पुष्कळदा आधुनिक पोलिसांसारखे वागतात. त्यांना गणवेश व पगार असतो, ते तपास करतात आणि गुन्हेगाराला वर्षानुवर्षे तुरुंगात ठेवतात. लंडनचे मेट्रोपॉलिटन पोलीस दल मात्र १८२९ मध्ये स्थापन झाले. त्याआधीच्या पाच शतकांहून अधिक काळाचा पाया इंग्लंडच्या पहिल्या एडवर्ड राजाच्या १२८५ मधील विंचेस्टर कायद्याने घातला होता. त्यानुसार तटबंदीच्या नगरांचे दरवाजे सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत बंद ठेवायचे होते. उन्हाळ्याच्या महिन्यांत मोठ्या शहराच्या प्रत्येक दरवाजावर सहा माणसांचा रात्रपहारा असे. रात्री आढळलेल्या परक्या माणसाला सकाळपर्यंत अडकवून ठेवले जाई. तो पळाला तर हाकाटी होई आणि ती ऐकणाऱ्या प्रत्येकाला पाठलाग करावा लागे. पंधरा ते साठ वयाच्या प्रत्येक पुरुषाने ऐपतीप्रमाणे शस्त्र बाळगावे, असाही नियम होता. दरोडेखोर सापडला नाही तर नुकसानीची जबाबदारी त्या परिसरातील रहिवाशांवर पडे.

सूत्रधाराला येथे हवे ते सारे मिळते. असा पहारेकरी दिवसा पाव भाजतो किंवा कापड विणतो. त्याला शौर्य गाजवायचे नसते, झोपायला घरी जायचे असते. पण चोर निसटला तर भुर्दंड त्यालाही बसतो. खेळाडूने थैली पळवली की एक हाक उठते आणि सगळ्या गल्लीची दारे उघडतात. अशा अर्धवट पहारेकऱ्यांची शेक्सपिअरने डॉगबेरीच्या रूपाने भरपूर थट्टा केली आहे. मात्र त्या नाटकातील कारस्थान अखेर त्यांच्याच हाती सापडते, हे सूत्रधाराने विसरू नये.

अधिकारक्षेत्राची गुंतागुंतही उपयोगी पडते. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये आरोपीला चर्चमध्ये चाळीस दिवसांपर्यंत आश्रय घेता येई. त्यानंतर गुन्हा कबूल करून देश कायमचा सोडण्याची शपथ घेण्याचा मार्ग त्याला खुला असे. पात्र देवालयात, पहारा बाहेर आणि मुदत चाळीस दिवसांची, एवढ्यावर खेळाच्या कित्येक बैठका चालतील.

शिक्षेबाबत एक व्यावहारिक अडचण आहे. ज्याचे पात्र कोठडीत पडले तो खेळाडू नुसता बसून राहतो. त्या काळी तुरुंग मुख्यतः खटल्यापर्यंत माणूस अडकवून ठेवण्यासाठी असे. दंड, खोड्यात उभे करणे, हद्दपारी व फाशी या शिक्षा अधिक प्रचलित होत्या. खेळात सर्वांत परिणामकारक ठरतो तो जामीन. खेळाडूंना आसरा देणाऱ्या सरायवालीने त्यांच्यासाठी स्वतःचे घर तारण ठेवले, तर पळून जाणे सोपे असूनही ते पळताना दहादा विचार करतात.

सूत्रधाराने युरोपच्याच आधारे नगर रचावे असेही नाही. कौटिलीय अर्थशास्त्रातील नगरप्रशासनाच्या प्रकरणात रात्रीच्या संचारबंदीची सूचना वाद्य वाजवून देण्याचा नियम आहे. प्रसूती, वैद्य, प्रेतयात्रा, आग व मुद्रांकित परवाना अशी निमित्ते त्यातून वगळली आहेत. यातील प्रत्येक अपवाद म्हणजे खेळाडूंसाठी एक युक्ती होय. तिरडीवर नेमके काय आहे हे पहारेकऱ्याने उघडून पाहावे काय? मराठी वाचकाला येथे पेशवेकालीन पुण्याचा कोतवाल आठवेल. घाशीरामाच्या कोतवालीत कोंडलेले ब्राह्मण प्रवासी गुदमरून मेले आणि १७९१ मध्ये जमावाने त्याला दगडांनी ठेचून मारले. १९७२ मधील तेंडुलकरांच्या नाटकामुळे हे नाव सर्वतोमुखी झाले. रक्षकाच्या कोठडीत माणूस मेला तर रक्षकाला जाब कोण विचारणार, याचे उत्तर प्रत्येक काल्पनिक नगरानेही आधीच ठरवलेले असावे.

जादू आणि पुरावा

इतिहासात नसलेली एक गोष्ट या नगरांत असते, ती जादू. वरील आवृत्तीत मृताशी बोलण्याचा मंत्र आहे. प्रेताला पाच प्रश्न विचारता येतात व दहा दिवसांच्या आत त्याच प्रेतावर तो पुन्हा चालत नाही. विचारणारा आपला वैरी असल्यास प्रेतावर सत्य सांगण्याचे बंधन नसते. दुसऱ्या एका मंत्राच्या प्रभावाखाली जाणूनबुजून खोटे बोलता येत नाही, मात्र गप्प राहता येते. त्या नगरात मौन हा पुरावा मानला जातो काय? आणि असे मंत्र जाणणारे पुरोहित एक-दोनच असतील तर त्यांचा वेळ कोणाच्या वाट्याला येतो? सराफाच्या प्रेताला त्याच रात्री प्रश्न विचारले जातात, कुंभाराचे प्रेत दहनाला जाते. ही विषमता सूत्रधाराने मुद्दाम सांगण्याची गरज नसते. दोन खून झाले की खेळाडूंच्या ती ध्यानात येते.

मृताशी बोलण्याच्या मंत्राला आणखी एक अट आहे. प्रेताला तोंड शाबूत असावे लागते. म्हणून अशा नगरातील सराईत मारेकरी जबडा काढून नेतो. पहाटे गल्लीत तसे प्रेत सापडले की विणकर पहारेकऱ्यालाही एवढे कळते की मारणारा साधा भुरटा नसून न्यायालयाची कार्यपद्धती जाणणारा कोणीतरी आहे.