उद्योजकता शिकवली आणि उद्योजक व्हायची इच्छाच कमी झाली?

बीबीएचा अभ्यासक्रम उघडलात तर लेखांकन, उद्योजकता आणि नेतृत्व हे तीन शब्द हमखास सापडतात. लेखांकन शिकवता येतं, याबद्दल वाद नाही. ताळेबंद जुळला की नाही हे लगेच दिसतं. पण उद्योजकता शिकवून येते का? प्रश्न गप्पांचा वाटतो, पण तो मोजता येतो. मी विज्ञान शाखेचा, तरीही यावरचा एक पेपर ज्युनिअर्सना आवर्जून वाचायला देतो.

हा पेपर ऊस्टरबेक, व्हान प्राग आणि आयसेलस्टाइन या तिघांचा, २०१० साली ‘युरोपियन इकॉनॉमिक रिव्ह्यू’मध्ये आलेला. नेदरलँड्समधल्या आव्हान्स या संस्थेत विद्यार्थ्यांना गटागटाने एक छोटी कंपनी चालवायला लावत. शेअर विकून भांडवल उभं करायचं, पदं वाटून घ्यायची, वस्तू विकायची, हिशेब ठेवायचे आणि शेवटी कंपनी रीतसर बंद करायची. म्हणजे वरचे तिन्ही विषय एकाच उपक्रमात.

आता याचा परिणाम तुम्ही कसा मोजाल? बहुतेकांच्या मनात पहिलं येतं ते असं: कोर्स केलेले आणि न केलेले विद्यार्थी घ्या, दोघांना प्रश्नावली द्या, तुलना करा. इथेच फसायला होतं. ज्याच्या घरी दुकान आहे किंवा ज्याला धंद्याची आधीपासून ओढ आहे, तोच असा कोर्स निवडण्याची शक्यता जास्त. मग दिसलेला फरक कोर्सचा की मुळातल्या ओढीचा? याला सिलेक्शन बायस म्हणतात. प्रश्नावली कितीही मोठी केली तरी तो आपोआप जात नाही.

या तिघांनी काय केलं पाहा. संस्थेच्या ब्रेडा शाखेत हा उपक्रम होता, डेन बॉशच्या शाखेत नव्हता. दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना आधी आणि नंतर असं दोनदा विचारलं आणि बदलांमधला फरक काढला. हे झालं डिफरन्स-इन-डिफरन्सेस. तरी शंका उरतेच: ब्रेडा शाखाच का निवडली? म्हणून त्यांनी आई-वडिलांच्या घरापासून दोन्ही शाखांचं तुलनात्मक अंतर वापरलं. जवळची शाखा गाठण्याकडे कल असतो, आणि घर कुठल्या शाखेच्या जवळ आहे याचा मुलाच्या धंद्याच्या ओढीशी संबंध असायचं कारण दिसत नाही. अशा बाहेरच्या धाग्याला इन्स्ट्रुमेंटल व्हेरिएबल म्हणतात. मला या पेपरमधली सगळ्यात देखणी गोष्ट हीच वाटते.

निकाल? विद्यार्थ्यांनी स्वतःच्या कौशल्यांना दिलेल्या गुणांवर लक्षणीय परिणाम दिसला नाही. उद्योजक व्हायचा इरादा तर घटला.

इथे घाई करू नका. ‘लक्षणीय परिणाम दिसला नाही’ आणि ‘परिणाम नाहीच’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. शिवाय गुण विद्यार्थ्यांनीच दिलेत. स्वतः कंपनी चालवल्यावर ‘आपल्याला हे फारसं जमत नाही’ असं कळलं, तर गुण खाली येतील, आणि ते शिकणंच झालं. लेखकांनीही अशी शक्यता मांडली आहे की विद्यार्थी स्वतःकडे अधिक वास्तववादी नजरेने पाहू लागले असावेत. त्याच वर्षी म्युनिकमधल्या सक्तीच्या कोर्सवर फॉन ग्रेव्हेनिट्स आणि सहकाऱ्यांचा पेपर आला. तिथे स्वतःला दिलेले कौशल्याचे गुण वाढले, पण इरादा थोडा घटला. आपण या वाटेचे आहोत की नाही याचा अंदाज कोर्समधून येतो, असं ते सुचवतात. मग इरादा घटणं हे अपयश की वेळेवर मिळालेली माहिती? ज्याला धंदा झेपणार नाही त्याला ते कर्ज काढण्याआधी कळलं, तर मी तरी त्याला अपयश म्हणणार नाही. अर्थात नंतर किती जणांनी खरोखर धंदा काढला, हे इराद्याच्या प्रश्नावरून कळत नाही.

हीच रचना इकडे वापरायची म्हटलं तर अंतराचा धागा आधी तपासा. लातूर-नांदेडहून पुण्यात येऊन होस्टेलवर राहणाऱ्याच्या बाबतीत घरापासून कुठलं कॉलेज दोन किलोमीटर जवळ आहे याने काय फरक पडणार? तिथे तो धागा तुटतो. प्रवेशाची कटऑफ रेषा चालते का बघा: रेषेच्या किंचित वर आणि किंचित खाली असलेले विद्यार्थी बरेचसे सारखेच असतात.