पोटाखालची दोन भोकं

जाणकार संग्राहकाच्या हातात जुनं नेत्सुके (कमरपट्ट्याला वस्तू अडकवायची जपानी कोरीव गुंडी) आलं की तो आधी ते उलटं करतो. वाघाचा जबडा, उंदराचे डोळे हे सगळं नंतर. तळाशी किंवा पाठीशी दोर ओवायची दोन भोकं असतात, जपानीत त्यांना ‘हिमोतोशी’ म्हणतात. पुष्कळदा त्यातलं एक मोठं असतं, कारण दोराची गाठ त्यात दडवायची असते. काठावर दोराच्या घर्षणाची खूण आहे का, अंगाला टेकणारी बाजू जास्त झिजली आहे का, हे बोटानं चाचपलं जातं. अक्रोडाएवढी ही वस्तू खरोखर कुणाच्या कमरेला होती की नुसती विकायला केली, याची पहिली साक्ष इथे मिळते.

किमोनोला खिसे नसतात. बाहीत कागद, रुमाल मावतो, पण तंबाखूची पिशवी आणि तिच्याबरोबरची धूम्रनळी ठेवायची कुठे? आपल्याकडे धोतर नेसणाऱ्याला कनवटी होती, पानतंबाखूला चंची होती. एदो काळातल्या (१६०३ ते १८६८) जपानी पुरुषानं या वस्तू ‘ओबी’ म्हणजे कमरपट्ट्याला टांगल्या. टांगायच्या या वस्तूंचं सामायिक नाव ‘सागेमोनो’. त्यातली सर्वांत देखणी म्हणजे ‘इन्रो’: एकावर एक अचूक बसणाऱ्या कप्प्यांची, लाखकामाची औषधांची डबी. दोर डबीच्या दोन्ही कडांतून वर येतो, ‘ओजिमे’ नावाच्या मण्यातून जातो आणि नेत्सुकेत गाठ मारून बांधला जातो. दोर ओबीच्या आतून वर काढला की नेत्सुके पट्ट्याच्या वरच्या काठावर अडकून बसतं. मणी खाली सरकवला की डबी बंद, वर सरकवला की उघडी.

कारागिराची सगळी बुद्धी या वापरात पणाला लागे. टोकदार पाय किंवा शेपूट बाहेर आलं तर रेशीम फाटणार, धक्का लागला तर तेच मोडणार. म्हणून उंदीर स्वतःची शेपटी कवटाळून बसतो, बैल पाय पोटाखाली घेऊन पहुडतो. वस्तू चहूबाजूंनी हाताळली जाणार, त्यामुळे तळही कोरलेला. क्योतो-ओसाकात हस्तिदंताला मोठी मागणी होती. शामिसेन या तंतुवाद्याचा रुंद जवा कापल्यावर उरणारे तिकोनी तुकडेही कारागीर वाया घालवत नसत. काही जुन्या मूर्तींचा तिकोनी घाट त्यातूनच आला. बाकी त्सुगे नावाचं घट्ट लाकूड, हरणाचं शिंग, रानडुकराचा सुळा, अगदी अक्रोडाचं कवचसुद्धा चाले.

१७८१ साली ओसाकाच्या इनाबा त्सूर्यूनं ‘सोकेन किशो’ हा ग्रंथ छापला. मुख्य विषय तलवारीच्या साजाचा, पण त्यात पन्नासहून अधिक नेत्सुके-कारागिरांची नोंद आहे. क्योतोच्या तोमोतादाच्या बैलांच्या नकला तेव्हाच होत होत्या. म्हणजे तेव्हापासूनच बनावट मालाची चिंता! तळावर नाव कोरलेलं आहे म्हणून हुरळून जाऊ नये, हा धडा आजचा नाही. राळेच्या ओतीव नकलांना साच्याची शिवण दिसते. खऱ्या हस्तिदंताच्या आडव्या छेदावर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेषांची जाळी असते. पण हाताळण्यानं आलेली झीज, जिला जपानी ‘नारे’ म्हणतात, ती पटण्यासारखी बनवणं फार अवघड, आणि माझ्या मते खरी किंमत तिचीच.

एदो काळानंतरच्या मेइजी काळात पाश्चात्त्य कपडे आले, खिसे आले, सिगारेट आली. नेत्सुकेचं काम संपलं आणि पेट्या भरभरून ती युरोप-अमेरिकेला निघाली. विक्रेत्यांनी डबी, मणी, नेत्सुके सुटंसुटं विकलं. एका दोरावर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेलं कुटुंब असं फुटलं, याची हळहळ वाटते. लंडनला २०११ साली अठराव्या शतकातल्या एका हस्तिदंती ‘शिशी’ला (पौराणिक सिंहाला) अडीच लाख पौंडांहून अधिक किंमत आली. आज हा बाजार बदलला आहे. ब्रिटनमध्ये जून २०२२पासून हस्तिदंताच्या विक्रीवर मोजके अपवाद वगळता बंदी आहे, भारतातही या व्यापाराला मज्जाव आहे. हत्तींसाठी तो हवाच. संग्राहकांची नजर त्यामुळे लाकूड आणि शिंगाकडे वळली तर बिघडलं काय?

सर्वांत गाजलेला संग्रह पॅरिसच्या शार्ल एफ्रुसीचा. १८७०च्या दशकात त्यानं २६४ नेत्सुके घेतली आणि पुढे व्हिएन्नातल्या चुलतभावाला, व्हिक्टरला, लग्नाची भेट म्हणून पाठवली. मार्च १९३८मध्ये नाझी आले, ज्यू एफ्रुसींचा वाडा लुटला गेला. कुटुंबातल्या हकिकतीप्रमाणे आना नावाच्या मोलकरणीनं ही नेत्सुके दोन-चार, दोन-चार अशी एप्रनच्या खिशात घालून नेली आणि आपल्या गादीत दडवली. युद्धानंतर तिनं ती परत केली. खिसा नसलेल्या पोशाखासाठी घडलेल्या वस्तू मोलकरणीच्या खिशानं वाचवल्या. १९४७मध्ये व्हिक्टरचा मुलगा इग्गी याच्याबरोबर ती तोक्योला, म्हणजे मायदेशी, गेली आणि तिथून त्याच्या नात्यातल्या एडमंड डी वाल या ब्रिटिश कुंभार-लेखकाकडे आली. तो त्यातलं एखादं खिशात घालून फिरत असे. त्यानं २०१०मध्ये लिहिलेलं ‘द हेअर विथ अँबर आइज’ जगभर वाचलं गेलं.

२०१८मध्ये त्यातली ७९ नेत्सुके निर्वासितांच्या मदतीसाठी लिलावात गेली. १५७ व्हिएन्नाच्या ज्यू संग्रहालयाकडे दीर्घ मुदतीनं सोपवली गेली. आनानं ती ज्या शहरात लपवली, त्याच शहरात ती आता आहेत.