हिंजवडीला जाऊन काय बघायचं?



गटाची सहल म्हटली की आपल्याकडे ठरलेली नावं निघतात. आळंदी, देहू, जेजुरी, फार तर महाबळेश्वर. यंदा आमच्या बैठकीत एकीने हिंजवडीचं नाव काढलं, तेव्हा सगळ्या हसलो. तिथे काय बघायचं, कंपन्यांच्या भिंती? पण हसून झाल्यावर मोजलं, तर आमच्या अकराजणींच्या गटात पाच घरांतली पोरं हिंजवडीत कामाला आहेत. कोणी कॉम्प्युटरवर, कोणी कँटीनमध्ये, एकीचा मुलगा कंपनीच्या बसवर ड्रायव्हर. आणि या पाच आयांपैकी एकीनेही ते गाव पाहिलेलं नव्हतं. एकीची लेक तर चार वर्षं तिथे आहे. दिवाळीला येते, पैसे पाठवते, पण “तुझं ऑफिस दाखव की” म्हटलं की म्हणते, “आई, इथे बघण्यासारखं काही नाही गं.”

दुसरंही एक कारण होतं. आमच्या भोरकडच्या भागात आता जमिनीची चौकशी करत एजंट फिरतात. पांढरी गाडी बांधावर उभी राहिली की घरातले पुरुष लगेच चहा टाकायला सांगतात. हिंजवडीत हे सगळं पंचवीस-तीस वर्षांपूर्वीच होऊन गेलंय. तेव्हा तिथल्या बायकांनाच विचारावं, असं ठरलं. आज आमच्या त्या एका दिवसाबद्दल सांगतो. तुमचा गट जाणार असेल तर उपयोगी पडेल.

आधी गावाबद्दल. हिंजवडी हे मुळशी तालुक्यातलं भातशेतीचं गाव. पाट्यांवर कुठे ‘हिंजेवाडी’ दिसतं, कुठे आणखी काही, पण गावातली माणसं हिंजवडीच म्हणतात आणि आपण दुसरं काही म्हटलं तर दुरुस्त करतात. १९९० नंतरच्या दशकात एमआयडीसीने इथे जमीन घेतली आणि राजीव गांधी इन्फोटेक पार्क उभं राहिलं. त्याचे तीन टप्पे आहेत, लोक त्यांना फेज एक, दोन, तीन म्हणतात. ते हिंजवडी, माण, मारुंजी या गावांच्या शिवारात पसरले आहेत. इन्फोसिस, विप्रो, टीसीएस, कॉग्निझंट अशी टीव्हीवर ऐकलेली नावं इथे कमानींवर वाचायला मिळतात. शरद पवार यांनी एक आठवण जाहीर भाषणात सांगितली आहे, ती आम्हाला फार मजेची वाटली. या भागात साखर कारखाना व्हायचा होता. त्यांनी सांगितलं की कारखाना दुसरीकडे न्या, इथे आयटी पार्क करायचं आहे. संत तुकाराम साखर कारखाना मग कासारसाई-दारुंब्रे इथे झाला. म्हणजे आज जिथे पोरं गळ्यात आयकार्ड घालून फिरतात, तिथे उसाच्या बैलगाड्यांची रांग लागली असती.

आता जायचं कसं. एसटीत मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, हे तुम्हाला माहीतच आहे. पंचाहत्तरीच्या पुढच्या आजींना तर तिकीटच नाही, वयाचा पुरावा मात्र बरोबर हवा. पण स्वारगेटला उतरून पुढे पीएमपीच्या बसमध्ये बसलात की ही सवलत संपते. पीएमपी एसटीची नाही, ती वेगळी. आमच्यातल्या एकीने कंडक्टरशी अर्ध्या तिकिटावरून चांगली पाच मिनिटं हुज्जत घातली, शेवटी मागच्या कॉलेजच्या मुलीने समजावलं. स्वारगेट ते हिंजवडी अंतर साधारण वीस-बावीस किलोमीटर, पण वेळ अंतरावर ठरत नाही, गर्दीवर ठरतो. माण ते शिवाजीनगर अशी २३ किलोमीटरची, २३ स्थानकांची मेट्रो या भागासाठी आखली, तिचं भूमिपूजन डिसेंबर २०१८ मध्ये झालं. आम्ही गेलो तेव्हा काम चालू होतं. तुम्ही जाल तेव्हा गाडी धावते का, ते आधी विचारून घ्या.

वार कोणता धरायचा? रविवारी रस्ते मोकळे असतात, पण कंपन्या बंद, म्हणजे यात्रा संपल्यावर देवळात गेल्यासारखं. मधल्या वारी जा. मात्र सकाळी साडेदहाच्या आत वाकडचा पूल आणि शिवाजी चौक गाठायचा प्रयत्न करू नका आणि दुपारी चारनंतर तिथे थांबू नका. आम्ही पहिलं पाळलं, दुसरं पाळलं नाही. त्याचं पुढे सांगतो.

पहिल्यांदा गावठाणात गेलो. मोठ्या इमारतींच्या मधे जुनं गाव अजून आहे, अरुंद गल्ल्या, पिठाची गिरणी, आणि ग्रामदैवत म्हातोबाचं देऊळ. चैत्र पौर्णिमेला, हनुमान जयंतीच्या दिवशी म्हातोबाचं बगाड निघतं. बगाड म्हणजे गाड्यावर उभा केलेला उंच लाकडी खांब आणि त्यावर आडवं लाकूड. त्या आडव्या लाकडाला मानाचा गळकरी टांगलेला असतो. हिंजवडीतून वाकडकडे मिरवणूक जाते आणि त्या दिवशी आयटीचा रस्ता म्हातोबासाठी थांबतो. सहल त्या दिवशी ठेवलीत तर कंपन्यांचं काही दिसणार नाही, पण गाव पुरतं दिसेल.

देवळाच्या पायरीवर दोन आजी बसल्या होत्या. आम्ही शेजारी टेकलो. कुठल्या, कशाला आलात, असं झालं, आणि मग आम्ही सरळ विचारलं, “आजी, जमीन गेली तेव्हा तुम्हाला कोणी विचारलं का?” थोरल्या आजी हसल्या. म्हणाल्या, “मला कोण विचारतंय? सही मालकांची. मला कळलं ते दारात गाडी आली तेव्हा.” त्यांच्या घरात आलेला पैसा एका गाडीत, दोन लग्नांत आणि एका बंगल्यात गेला. बंगला आहे, पण येणं नाही. धाकट्या जावेने मात्र नवऱ्याशी भांडून घरामागचे तीन गुंठे ठेवून घेतले. त्यावर खोल्या बांधल्या. आज तिच्याकडे भाडेकरू मुलं राहतात आणि तीच दोन्ही घरांचं औषधपाणी बघते. शेजारच्या आजींनी मग वेगळंच सांगितलं. त्यांच्या नणंदांनी साडी-चोळीवर हक्कसोडपत्रावर सह्या दिल्या होत्या. चार वर्षांनी जमिनीचा भाव कळला. तेव्हापासून राखीला कोणी येत नाही.

हे ऐकून आम्ही गप्पच झालो. आमच्यातल्या तिघींनी गेल्या दोन वर्षांत अशा सह्या केलेल्या आहेत.

म्हणून सहलीच्या गप्पांत थोडं कामाचंही सांगतो. वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा मुलाइतकाच हक्क जन्मापासून असतो, २००५ च्या कायद्याने तो पक्का झाला. हक्कसोडपत्र एकदा नोंदवलं की ते मोडणं फार अवघड जातं, फसवणूक झाली हे कोर्टात सिद्ध करावं लागतं. तेव्हा सही करायच्या आधी त्या जमिनीचा आजचा भाव विचारा, गटात बोला, एक रात्र जाऊ द्या. आणि आपल्या नवऱ्याच्या सातबाऱ्यावर आपलं नाव लावून घेण्यासाठी १९९२ पासून लक्ष्मी मुक्ती योजना आहे. नवऱ्याने तलाठ्याकडे अर्ज करायचा असतो. अर्ज सोपा आहे, नवऱ्याला तयार करणं तेवढं आपल्याकडे.

बारा वाजता आम्ही फेज एककडे निघालो. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. कंपनीच्या आत पासशिवाय कोणालाही सोडत नाहीत, आई असली तरी नाही. आम्ही एका गेटवर अकराजणी उभ्या राहिलो, तेव्हा सिक्युरिटीवाल्याला वाटलं मोर्चाच आला. पोरांना आदल्या दिवशी फोन करून जेवणाच्या सुट्टीची वेळ ठरवून घ्या आणि गेटपासून जरा लांब, सावलीला थांबा. काही कंपन्या घरच्यांसाठी वर्षातून एखादा दिवस ठेवतात, तो कधी असतो ते मुलांना विचारा. सहल त्या बेताने ठेवता आली तर आतही जाता येईल.

एक वाजता ती चार वर्षं न दाखवणारी लेक गेटबाहेर आली. आईने इरकली नेसलेली, हातात भाकरीचं फडकं. पोरगी आधी इकडेतिकडे बघत होती, आम्हाला वाटलं, लाजली. मग तिच्या दोन मैत्रिणी आल्या, एक नांदेडची, एक ओडिशाची. त्यांनी फडकं सोडलं आणि तिथेच कट्ट्यावर बसून तिघींनी ज्वारीची भाकरी नि ठेचा संपवला. आईने बोट दाखवून विचारलं, “तू कितव्या मजल्यावर?” “सहाव्या. ती तिसरी खिडकी.” खिडक्या सगळ्या सारख्या, काचेच्या, निळ्या. आई बराच वेळ त्या तिसऱ्या खिडकीकडे बघत होती.

जेवणाच्या सुट्टीत या रस्त्यांवर जे दिसतं तेच हिंजवडीत बघायचं, असं आमचं मत झालं. हजारो माणसं, घर लांब, स्वयंपाकाला वेळ नाही. मग रस्त्याकडेला पोहे, उपमा, वडापाव, पोळी-भाजी, ताक, कापलेली फळं. एका पोळी-भाजीच्या गाडीवर लातूरकडची एक काकू होती. गिऱ्हाईक ओसरल्यावर तिने आम्हाला सगळं उलगडून सांगितलं. पहाटे चारला उठते, दोन बायका पोळ्या लाटायला ठेवल्या आहेत, भाजी रोज बदलते. सोमवार ते शुक्रवार धंदा, शनिवार-रविवार काही नाही. घरून काम करायची मुभा मिळाली की त्या दिवशी पोळ्या उरतात. कोरोनात सगळे घरी बसले तेव्हा तिने गाडी विकली होती, नंतर पुन्हा घेतली. आम्ही विचारलं, आमचे पापड-लोणचं इथे खपेल का? ती म्हणाली, “पापड मॉलात मिळतात. तुमच्याकडचा इंद्रायणी तांदूळ आणा, मेतकूट आणा, भाजणी आणा. खोलीवर एकटी राहणारी पोरं रात्री मऊ भात-मेतकूटच खातात. पण पाकिटं छोटी, पाव किलोची. त्यांच्याकडे डबे नसतात.” हे आम्हाला घरी बसून कधी सुचलं नसतं. आम्ही आजवर एक किलोचीच पाकिटं भरत आलो. विकायचं असेल तर अन्नसुरक्षेची नोंदणी मात्र हवी, घरगुती धंद्यालाही ती लागते.

दुपारी मुलींची खोली पाहिली. एका खोलीत तिघी, तीन कॉट, एक खिडकी. यावर आम्ही काही बोललो नाही. त्या आईने फक्त गादीखाली हात घालून ओल आहे का ते बघितलं.

मॉलबद्दल थोडक्यात. वाकडला २०२३ मध्ये मोठा मॉल सुरू झाला, हिंजवडीतही लहान आहेत. आत जायला पैसे लागत नाहीत, थंड असतं, आणि मुख्य म्हणजे स्वच्छतागृह चांगलं असतं. सहलीत बायकांची खरी अडचण हीच असते, म्हणून मॉल दुपारच्या टप्प्यात ठेवा. सरकत्या जिन्यावर पदर आणि निऱ्या हातात धरा. आमच्यातल्या दोघी तीनदा वर-खाली करून आल्या. स्वतःची गाडी केली असेल तर कासारसाई धरणही जवळ आहे. आम्हाला वेळ उरला नाही.

पावसाळ्यात मात्र जाऊ नका. जून २०२५ मध्ये मोठ्या पावसात इथल्या रस्त्यांचे ओढे झाले, ते तुम्ही बातम्यांत पाहिलं असेल. भाताच्या खाचरात पाणी साठतं, मुरतं, हे आपल्याला सांगायला नको. त्याच खाचरांवर भराव टाकला, ओढे अडले, तर पाणी जाणार कुठे? थोरल्या आजी म्हणाल्या होत्या, “पाणी आपल्या जुन्या जागी येतंय.”

आणि आता आमची चूक. गप्पांत पाच वाजले. एकदम सगळ्या गेटांतून गाड्या बाहेर पडल्या. बस मिळाली, पण वाकडच्या पुलापर्यंत यायलाच तास-सव्वा तास गेला. स्वारगेटला पोचलो तेव्हा भोरची आमची ठरलेली गाडी सुटून गेलेली. पुढची मिळाली, पण उभ्याने. घरी साडेदहा झाले आणि दोघींच्या घरी बोलणी बसली. तुम्ही चारलाच निघा.

परतीच्या गाडीत असताना त्या लेकीचा आईला फोन आला. “पोचलात का?” मग म्हणाली, “आई, पुढच्या वेळी ठेचा जास्त आण. मजल्यावरच्या सगळ्या मागतायत.”

पुढच्या महिन्यात पाव किलोची मेतकुटाची चाळीस पाकिटं पाठवायचं ठरलंय. हक्कसोडीच्या सह्या केलेल्या आमच्या तिघी येत्या सोमवारी कागद घेऊन तालुक्याच्या मोफत कायदा सल्ला केंद्रात जाणार आहेत. काय होतं ते याच कार्यक्रमात सांगू.