मामाचं रात्रीचं दळण

उन्हाळ्यात पाथरीला मामाकडे गेलो की गच्चीवर झोपायचो. दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत धग सोडत राहायचा, मग कुठं वारं सुटायचं. सगळे निजले की मामाच्या अंथरुणाकडून आवाज यायचा. कर्र. कर्र. कर्र. मामी कूस बदलत म्हणायची, "झालं सुरू. आता रात्रभर ज्वारी दळतेत तुझे मामा."

आजीचं निदान ठरलेलं होतं, पोटात जंत. आपल्याकडे लेकरू झोपेत दात खायला लागलं की पहिली शंका जंतांचीच येते. १० फेब्रुवारीच्या जंतनाशक दिनाला अंगणवाडीत मिळणारी गोळी लेकरांना जरूर द्यावी, पण ती जंतांसाठी. दात खाण्याशी जंतांचं नातं काही सिद्ध झालेलं नाही. बहुतेक मुलांची ही सवय वय वाढेल तशी आपोआप सुटते. मामा मात्र पन्नाशीचे.

खरी गंमत आवाजाच्या आधीच घडून गेलेली असते. झोप आपल्याला सलग वाटते, पण तिच्यात मधूनमधून काही सेकंदांची बारीक जाग येते. सकाळी ती आठवतही नाही. अशी जाग आली की आधी मेंदूतल्या लहरी वेगावतात, मग हृदयाचे ठोके वाढतात, आणि त्यानंतर जबड्याचे स्नायू साधारण सेकंदाला एक या तालात आवळू लागतात. दात वाजतात ते सर्वांत शेवटी. म्हणजे मामीला कर्र ऐकू येई तोवर मामांच्या छातीतली धडधड वाढूनही गेलेली असे. जबड्याची अशी लयबद्ध हालचाल बऱ्याच निरोगी माणसांतही दिसते, फक्त कमी वेळा आणि बिनआवाजी. मराठीनं दातओठ खाण्याचा संबंध रागाशी जोडून ठेवलाय. ताणाचा यात हात असतो हे खरं, पण चहा-कॉफी, तंबाखू, दारू, मनाच्या आजारावरची काही औषधं, घोरताना अडणारा श्वास हेही त्या वाटेवरचेच.

एरवी दातांना दिवसभर सुट्टीच असते. आत्ता ओठ मिटलेले असतील तरी वरचे आणि खालचे दात एकमेकांना टेकलेले नसावेत, मध्ये दोन ते चार मिलिमीटरची फट हवी. जेवण-गिळणं धरून चोवीस तासांत ते एकमेकांना भिडतात ते सगळे मिळून वीसेक मिनिटं. त्यांची घडण तेवढ्याच कामाची. दाताचं वरचं कवच, इनॅमल, हा शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ. त्याचा ९६ टक्के भाग निव्वळ खनिज असतो. पण ते घडवणाऱ्या पेशी दात हिरडीतून वर येईपर्यंत मरून गेलेल्या असतात. जातं झिजून गुळगुळीत झालं की पूर्वी टाकी लावणारा दारावर यायचा आणि तळीला पुन्हा धार द्यायचा. दाताला टाकी लावणारा कुणी नाही.

म्हणून नाइट गार्ड, म्हणजे रात्री दातांवर चढवायचं आवरण. त्यानं दात खाणं थांबेल अशी आशा धरू नये. तसा भरवशाचा पुरावा नाही. गार्ड फक्त दाताच्या जागी स्वतः झिजतो. हे एकदा पटलं की स्वस्त-महागाचा हिशेब वेगळाच दिसू लागतो.

मामांनी आधी मोबाइलवरून काही शे रुपयांचा मागवला. गरम पाण्यात बुडवायचा, मऊ झाला की चावून आपल्या दातांचा ठसा उमटवायचा. हा पदार्थ बहुधा ईव्हीए असतो. चपलांच्या तळव्यात असतो तोच, फक्त पारदर्शक आणि तोंडात घालण्याजोगा. (हे मामीला सांगायला नको होतं.) महिन्याभरात त्याला भोक पडलं. सकाळी जबडा आधीपेक्षा जास्त दुखायचा तो वेगळाच. मऊ वस्तू तोंडात आली की काहींचे स्नायू ती चघळायलाच बघतात. अमेरिकेतल्या जेफ्री ओकेसन यांनी १९८७ साली दहा जणांना आळीपाळीनं दोन्ही प्रकार वापरायला दिले होते. कडक गार्डनं आठ जणांच्या स्नायूंची रात्रीची ओढाताण कमी झाली, मऊ गार्डनं पाच जणांची उलट वाढली. दहा जण म्हणजे काही फार मोठा अभ्यास नव्हे, पण मामांचा दुखरा जबडा त्या पाचांच्या बाजूचा होता.

आणखी एक धोका. काही स्वस्त गार्ड फक्त दाढांवर बसतात. दाताला समोरून दाब मिळाला नाही की तो हळूहळू सरकतो. महिनोन्‌महिने असा गार्ड लावला तर तो काढल्यावर दाढा एकमेकींना भेटेनाशा होऊ शकतात.

मग मामा दातांच्या डॉक्टरकडे गेले. पाथरीकरांना डेंटल कॉलेजसाठीही लांब जावं लागत नाही, परभणीचं सरस्वती धन्वंतरी दंत महाविद्यालय पाथरी रोडवरच आहे. डॉक्टरांनी गुलाबी लगदा ट्रेमध्ये भरून तोंडात दाबला. तो लगदा म्हणजे अल्जिनेट, तपकिरी समुद्री शेवाळापासून काढलेला. समुद्रापासून शेकडो किलोमीटरवर, गोदाकाठच्या माणसाच्या दाढांचा ठसा समुद्रातलं शेवाळ दोन-तीन मिनिटांत घेऊन मोकळं होतं! त्या ठशात प्लास्टर ओतून दातांची प्रतिकृती निघते, तिच्यावर कडक ॲक्रिलिकचा गार्ड घडतो.

तरी या गार्डला लागणारे हजारो रुपये त्या प्लास्टिकचे नसतात. गार्ड बसवल्यावर डॉक्टर रंगीत कागद चावायला देतात, जिथं जास्त डाग उमटेल तिथं घासतात, पुन्हा कागद देतात. सगळे दात एकाच वेळी, सारख्याच जोरानं टेकेपर्यंत हे चालतं. पैसे त्या घासण्याचे. ॲक्रिलिक इनॅमलपेक्षा कितीतरी मऊ, त्यामुळे झिजायचं ते तेच झिजतं, पण चघळता येण्याइतकं मऊ ते नसतं.

स्वस्त गार्ड अगदीच टाकाऊ असंही मी म्हणणार नाही. महागडा तयार होईपर्यंतचे काही आठवडे, किंवा तोंडात काही घेऊन झोप लागते का हे पाहायला, सगळे दात झाकणारा असेल तर चालून जातो. पण घोरणं आणि दिवसा पेंगणं असेल तर आधी श्वासाची तपासणी. काहींचा अडणारा श्वास वरच्या दातांवरच्या गार्डनं आणखी अडतो. वाढत्या जबड्याच्या लेकरांना मनानं काही लावायचं नाही. गार्ड धुवायचा गार पाण्यानं. आणि मे महिन्यात मोटारसायकलच्या डिकीत तो विसरलात तर मराठवाड्याचं ऊन त्याला आपल्या मापाचा करून ठेवील.

सहा महिन्यांनी मामीनं मामांचा गार्ड खिडकीतल्या उजेडात धरला. दाढांच्या जागी दोन गुळगुळीत चकत्या पडल्या होत्या, वरून बारीक चरे. तिनं तो उलटापालटा केला, बोट फिरवलं आणि मामांकडं बघून विचारलं, "एवढं दळलंत, मग पीठ कुठंय?"