वेब पान : दुकानाची नवी मांडणी

तालुक्याच्या गावातला कापड दुकानदारही आता आपले वेब पान करून घेऊ लागला आहे. नांदगाव खंडेश्वर, अमरावती भागातील संगणक शिकलेल्या तरुणांसाठी हे घरबसल्या मिळणारे काम आहे. पडद्यावर ग्राहकाला जे दिसते तो भाग तयार करणाऱ्यास फ्रंट-एंड डेव्हलपर म्हणतात. आम्हा कापडवाल्यांच्या भाषेत तो दुकानाची मांडणी करणारा होय. मांडणी बिघडली की चांगला मालही पडून राहतो आणि गिऱ्हाईक बाहेरच्या मोठ्या कंपन्यांकडे वळते. म्हणून या तरुणांसाठी काही उपयुक्त सूचना देत आहोत.

मराठी मजकूर : मजकूर युनिकोडमध्येच असावा. छापखान्यातील जुन्या फाँटचा मजकूर तसाच चिकटवला तर ग्राहकाच्या फोनवर निरर्थक अक्षरे उमटतात. एचटीएमएलमध्ये 'लँग'पुढे मराठीची खूण 'एमआर' लिहावी. ती नसेल तर काही फाँटमध्ये 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे दिसतात. सीएसएसमधील 'लेटर-स्पेसिंग' देवनागरीस लावू नये, शिरोरेषा तुटते. दोन ओळींतील अंतर इंग्रजीपेक्षा जास्त ठेवावे, नाहीतर वरचा उकार खालच्या मात्रेला भिडतो.

उर्दू मजकूर : आपल्याकडील अनेक ग्राहक उर्दू वाचणारे आहेत. उर्दू उजवीकडून डावीकडे चालते, पण नुसता मजकूर उजवीकडे सरकवून भागत नाही. 'डीआयआर'पुढे 'आरटीएल' आणि 'लँग'पुढे 'यूआर' लिहावे. सीएसएसमध्ये 'लेफ्ट-राइट'ऐवजी 'इनलाइन-स्टार्ट' व 'इनलाइन-एंड' वापरल्यास एकाच मांडणीत दोन्ही भाषा बसतात. फोन नंबरला मात्र स्वतंत्रपणे 'एलटीआर' द्यावे. नाहीतर मध्ये जागा सोडून लिहिलेल्या नंबरचे गट उलटसुलट होतात.

फोटो : मोबाईलवर काढलेला फोटो अनेक एमबींचा असतो. खेड्यातील मंद नेटवर्कवर तो उघडेपर्यंत ग्राहक निघून जातो. फोटो 'वेबपी' प्रकारात लहान करावेत आणि 'एसआरसीसेट' वापरून लहान पडद्याला लहान फोटो पाठवावा. फोटोची रुंदी व उंची आधीच लिहून ठेवावी, म्हणजे पान मध्येच खाली सरकून बोट भलत्या बटणावर पडत नाही. रंग, पोत, पन्हा आणि भाव फोटोवर न छापता मजकुरात लिहावा. फोटो उघडला नाही तरी माल कळला पाहिजे.

फॉर्म : नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असे तीन सक्तीचे रकाने ठेवू नयेत. आपल्या समाजात अनेकजण आडनाव लावतच नाहीत, फॉर्म त्यांना पुढे जाऊ देत नाही आणि ऑर्डर तेथेच बुडते. 'पूर्ण नाव' हा एकच रकाना पुरे. पत्त्यात पिनकोड, तालुका व जिल्हा जरूर विचारावा. नांदगाव खंडेश्वर आणि नांदगाव पेठ ही दोन्ही गावे अमरावती जिल्ह्यातच आहेत, शिवाय नाशिक जिल्ह्यात नांदगाव तालुका आहे. नुसत्या 'नांदगाव'वर पार्सल कोठेही जाईल! फोन नंबरच्या रकान्यास 'टाइप टेल' द्यावे, म्हणजे अंकांचा कीबोर्ड उघडतो. कोणी देवनागरी अंक टाकले तर चूक न दाखवता प्रोग्रामनेच ते बदलून घ्यावेत.

तपासणी : पान स्वस्त फोनवर, भर उन्हात उभे राहून वाचून पाहावे. साध्या आकाराची अक्षरे आणि मागचा रंग यांतील उठावाचे प्रमाण किमान ४.५ ला १ असावे, असे वेब सुलभतेचे आंतरराष्ट्रीय नियम सांगतात. फिक्या राखाडी अक्षरांचा मोह टाळावा. क्रोमच्या डेव्हटूल्समध्ये मंद नेटवर्क लावून पान किती वेळात उघडते तेही पाहता येते.

व्यापारी बांधवांनीही काम ताब्यात घेण्यापूर्वी पान आपल्या एखाद्या जुन्या गिऱ्हाइकाच्या हाती द्यावे. त्याने कोणालाही न विचारता भाव शोधून ऑर्डर दिली, तर काम पक्के समजावे आणि त्या तरुणाची मजुरी त्याच दिवशी चुकती करावी.