अकरातले दहा भाग गेले कुठे?

फोनमध्ये एकच गाणं दोनदा ठेवा. एक फाइल सीडीवरून जशीच्या तशी उतरवलेली, दुसरी एमपीथ्री, १२८ केबीपीएसची. गाणं चार मिनिटांचं असेल तर पहिली फाइल साधारण ४२ मेगाबाइटची भरेल आणि दुसरी जेमतेम ४ची. आता डोळे मिटा, कुणाला तरी दोन्ही आलटूनपालटून लावायला सांगा आणि ओळखा बघू, कोणती कुठली!

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या घरी हा खेळ चांगलाच रंगला. एमपीथ्री कानाला लगेच कळते असं छातीठोक सांगणारा मामेभाऊ चौथ्या खेपेपर्यंत दोनदा चुकला होता. (खेळलात तर दोन्हींचा आवाज अगदी सारखा ठेवा. किंचित मोठा आवाज कानाला नेहमीच ‘चांगला’ वाटतो. ऑडिओच्या कित्येक वादांचं मूळ तिथेच आहे.)

अकरातले दहा भाग काढून टाकले आणि गाणं तर तसंच्या तसं. मग त्या दहा भागांत होतं तरी काय?

आधी सीडीत काय असतं ते पाहू. सीडी डाव्या आणि उजव्या बाजूच्या आवाजाच्या लहरीची उंची सेकंदाला ४४,१०० वेळा मोजते आणि दर मापाला ६५,५३६ पायऱ्यांपैकी एक पायरी देते. हा ४४,१०० इतका विचित्र आकडा आला कुठून? चक्क टीव्हीतून! सुरुवातीला डिजिटल आवाज साठवायला व्हिडिओ टेपच वापरत. टेपवरच्या चित्राच्या प्रत्येक ओळीत तीन मापं बसत. अमेरिका-जपानच्या टीव्हीचं गणित करा: ३ गुणिले २४५ ओळी गुणिले सेकंदाला ६० अर्धचित्रं. उत्तर ४४,१००. युरोपचा टीव्ही वेगळा: ३ गुणिले २९४ गुणिले ५०. उत्तर पुन्हा ४४,१००! दोन वेगवेगळ्या टीव्ही-पद्धती ज्या आकड्यावर जुळल्या, तो आजही आपल्या गाण्यांत बसलेला आहे.

तर सीडी प्रामाणिकपणे सगळं लिहून ठेवते. आपला कान मात्र सगळं वाचत नाही.

स्वयंपाकघरात रेडिओ चालू आहे आणि कुकरची शिट्टी झाली. रेडिओ बंद पडलेला नसतो, त्याच्या लहरी कानाच्या पडद्यावर आदळतच असतात, पण तेवढा वेळ गाण्याचे शब्द हरवतात. मोठा आवाज आपल्या जवळपासच्या सुरांतल्या बारीक आवाजांना झाकून टाकतो. शिट्टीपेक्षा खूप खालच्या सुरातला फ्रिजचा घुमणारा आवाज त्याच वेळी ऐकू येऊ शकतो, कारण तो कानाच्या आतल्या शंखात दुसऱ्याच जागी उमटतो. म्हणजे झाकलं जातं ते शेजारपाजारचं.

याहून अजब गोष्ट पुढे आहे. मोठा आवाज थांबल्यावरही क्षणभर कान दबलेला राहतो, हे आपण समजू शकतो. पण मोठा आवाज येण्याच्या *आधीच्या* काही मिलिसेकंदांतला बारीक आवाजही आपल्याला कळत नाही! हे कसं? बारीक आवाजाची जाणीव पुरती तयार व्हायला थोडा वेळ लागतो, तेवढ्यात मागून मोठा आवाज येऊन तिला गाठतो.

एमपीथ्रीची सगळी करामत यावर उभी आहे. ‘न ऐकू येणारे आवाज ती फेकून देते’ असं म्हणतात, पण खरी युक्ती जास्त देखणी आहे. सोनाराचा काटा आणि लाकडाच्या वखारीतला काटा डोळ्यांपुढे आणा. सोन्यात गुंजभर फरक पडला तर भांडण होईल, वखारीत पावशेराची चूक कुणाच्या गावीही नसते. एमपीथ्री गाण्याचे साधारण २६ मिलिसेकंदांचे तुकडे करते, प्रत्येक तुकड्यातले सूर शेकडो बारीक पट्ट्यांत वेगळे करते आणि ठरवते: हा सूर उघडा आहे, सोनाराच्या काट्यावर तोला, हा मोठ्या सुराच्या आड आहे, वखारीच्या काट्यावर टाका. ढोबळ मापाला आकडे कमी लागतात, म्हणून फाइल लहान होते. ढोबळ मापामुळे खरखर नक्कीच वाढते, पण वाढते ती नेमकी झाकलेल्या जागी. सेकंदाला अडतीसेक वेळा हा निवाडा, गाणं संपेपर्यंत!

या कल्पनेची सुरुवात जर्मनीतल्या एर्लांगेनमध्ये झाली. टेलिफोनच्या तारेतून उत्तम संगीत पाठवायचं, असं डीटर झाइट्झर या प्राध्यापकांच्या मनात आलं. पेटंट तपासणाऱ्याने हे अशक्य आहे म्हणून अर्ज नाकारला. झाइट्झरांनी मग तो प्रश्न कार्लहाइन्झ ब्रँडेनबुर्ग या विद्यार्थ्याच्या हाती दिला. त्यांनी आणि फ्राउनहोफर संस्थेतल्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं ही पद्धत घासूनपुसून घेतली. ‘.एमपी३’ हे शेपूट फाइलच्या नावाला लागलं ते १४ जुलै १९९५ला. त्या काळच्या २८.८ केबीपीएसच्या मोडेमवर आपलं ४२ मेगाबाइटचं गाणं उतरायला तीन तासांहून जास्त वेळ लागला असता. एमपीथ्रीला अठरा मिनिटं पुरत.

घासूनपुसून म्हणजे काय, ते चिपळ्यांवरून कळेल. शांततेत चिपळ्यांची एकच टाळी: खट्. ढोबळ मापाची खरखर त्या अख्ख्या तुकड्यावर पसरते, म्हणजे टाळीच्या आधीच्या शांततेतसुद्धा. कान आधीचं थोडंसं माफ करतो, पण काही मिलिसेकंदच. त्यापलीकडे ‘खट्’च्या आधी एक हलकं ‘फस्’ ऐकू यायला लागतं. एर्लांगेनला हा त्रास स्पेनच्या कॅस्टानेटने दिला. त्याही लाकडी चिपळ्याच. उपाय म्हणून अशा ठोक्याची चाहूल लागताच तुकडे आखूड करायचे असं ठरलं. तरीही आकडे कमी पडले की टाळ-चिपळ्यांचं पाणी होतं. आमच्या आळीतल्या भजनी मंडळाची एक जुनी फाइल माझ्याकडे आहे, अगदी हलक्या दर्जाची. तिच्यात मृदंग ठणठणीत आहे, पण टाळ ऐकताना कुणी तव्यावर पाणी शिंपडतंय असं वाटतं. ती फाइल फ्लॅक या काहीच न गाळणाऱ्या प्रकारात बदलून टाळ परत येत नाहीत. पेढ्यात पाणी घातलं तर दूध कसं मिळेल?

आणि सगळ्यात अवघड परीक्षा कुठली ठरली असेल? भलामोठा वाद्यवृंद? नाही, एकटा गळा. सुझान व्हेगा या अमेरिकन गायिकेचं ‘टॉम्स डायनर’ हे गाणं वाद्यांशिवाय आहे. ब्रँडेनबुर्गांनी ते आपल्या पद्धतीतून काढलं आणि तो सुंदर आवाज पार विद्रूप झाला. वाद्यवृंदात खरखर लपवायला शंभर जागा, एकट्या गळ्याभोवती आडोसाच नाही. पद्धत सुधारत सुधारत त्यांनी ते गाणं शेकडो वेळा ऐकलं.

पुढे रायन मॅग्वायर या संगीतकाराने उलटा प्रयोग केला. एमपीथ्री करताना या गाण्यातून जे गळून पडलं होतं, तेवढंच त्याने गोळा केलं आणि त्यातून एक नवी रचना बांधली. ‘टॉम्स डायनर’ची इंग्रजी अक्षरं उलटसुलट केली की तिचं नाव तयार होतं, ‘मॉडर्निस्ट’. हेडफोन लावून ती ऐका. ओले, तुटके कुजबुजाटाचे तुकडे सरकत जातात आणि मध्येच, बंद दाराआडून यावी तशी, एका बाईच्या गाण्याची लय कानाशी येते.